माझ्या नावाचं फोल्डर

आणि परत चूक माझीच, व्हय? मी बंगळूरला आल्यापासनं दादाचं हेच चाललंय.

मित्रांनो, गारगोटीजवळ आमचं दूध संकलन केंद्र आहे. तिथल्या पावत्यांचा प्रोग्राम मी, नववी नापास पोरानं, मोबाईलवर बघून बघून लिहिला. त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार कोडचे तुकडे, प्रोग्रामच्याच फोल्डरात बसवायला हव्या होत्या. निघायच्या घाईत मी त्या माझ्या नावाच्या फोल्डरात बसवल्या.

आज सकाळी दादाचा फोन आला. "तुझा प्रोग्राम उघडंना, काय करून ठेवलंयस? माणसं किटल्या घेऊन दारात उभी हाईत."

"माझं फोल्डर हाय का बघ."

"ते काल पुसलं की. कॉम्प्युटरात जागा न्हाय."

"दादा, माझं नाव होतं त्यावर!"

"म्हणूनच पुसलं. तू कुठं परत येतोयस?"

मग फोनवर एकेक सांगत लायब्रऱ्या परत बसवून घेतल्या, या वेळी प्रोग्रामच्या फोल्डरात. चालू झाला. आता तिथं माझ्या नावाचं काहीच नाही, आणि कुणाचं अडतही नाही.

बाहेरगावी राहणाऱ्यांनो, तुमची जागा घरच्यांनी ठेवलीय का?

मी दादाला मोठ्या हार्ड डिस्कसाठी पैसे पाठवतोय. चार हजार दोनशे रुपये.