अंगठा न देणारी मुलगी

परवा आमचा कॉलेजचा ग्रुप अचानक जागा झाला. इतकी वर्षं त्यात फक्त वाढदिवसाचे केक येत होते. पण त्या सिनेमांचा नवा भाग येतोय म्हटल्यावर संसाराला लागलेल्या पाच बायका एकदम किंचाळायला लागल्या. 'निळी पट्टी बांधूनच जायचं हं!' एकीने फर्मान काढलं. मी सवयीने अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि लगेच पुसून टाकलं.

ज्यांना हे वेड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सिनेमातल्या शहराभोवती भिंत असते आणि सगळं पाणी राज्यकर्त्यांच्या ताब्यात. दर वर्षी प्रत्येकाने त्यांच्या रजिस्टरवर अंगठा द्यायचा, म्हणजे चाललंय ते सगळं मला मंजूर आहे. आणि एक सोळा वर्षांची पोर अंगठ्याला निळी चिंधी बांधते, तो मुठीत दडवते आणि म्हणते, नाही देत. झालं! एवढ्या भांडवलावर तीन सिनेमे. आम्ही तेव्हा अकरावीत. आमचं रक्त असं काही उसळलं की विचारू नका. आईच्या साडीचा निळा फॉल उसवून मी पाच जणींना पट्ट्या कापून दिल्या. प्रॅक्टिकलला उशीर झाला म्हणून मॅडमनी बाहेर उभं केलं, तर आम्ही पाचही जणी मुठी वळून उभ्या. मॅडमना वाटलं, थंडी वाजतेय.

घरात या वेडाला सामील असलेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे आत्या. वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात माहेरी परत आली आणि गास गावातल्या आमच्या वाडीत राबत राहिली. माझ्या लॅपटॉपवर हिंदीत डब केलेले पहिले दोन भाग तिने मोगऱ्याच्या कळ्या निवडता निवडता चार-चार वेळा पाहिले. ती पोर चुकीच्या गल्लीत वळली की आत्या ओरडायची, 'अगं मेले, तिकडे कुठे मरायला!' खरं सांगायचं तर आमच्या पाच जणींपेक्षा तिला तो सिनेमा जास्त कळत होता. आम्ही त्या मुलीची केसांची स्टाईल बघायचो, आत्या तिचा हात बघायची.

वाडीच्या मधोमध आमचं बावखल होतं. बावखल म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं खोदलेलं तळं. समुद्र एवढा जवळ, तरी आमच्या विहिरीचं पाणी गोड राहायचं ते त्याच्याच जिवावर. केळी, अळू, मोगरा, सगळं त्यावर. वडील गेल्यावर त्या जमिनीवर काकांसोबत आत्याचं, आईचं आणि माझं नाव लागलं होतं. काकांना जागा बिल्डरला द्यायची होती. आईचं म्हणणं, भावजी सांगतील तसं. फक्त मी अठरा वर्षांची व्हायची वाट बघत सगळे थांबले होते.

झाले मी अठरा. एका दुपारी आत्याने मला बावखलाच्या काठावर बोलावलं. भावापुढे ती कधी तोंड उघडायची नाही. म्हणाली, 'तू नाही म्हण. तू म्हणालीस की मागोमाग मी म्हणते. एकटीने माझ्याच्याने नाही व्हायचं गं.'

'म्हणेन की! त्यात काय!' मी म्हटलं आणि मूठ वळून दाखवली. आत्यानेही वळली, अंगठा आत घालून. आणि हसली. तिला मी तशी हसताना फार कमी पाहिलंय.

जमिनीच्या रजिस्ट्रेशनचा दिवस नेमका तिसरा भाग लागण्याचा दिवस. पहिला शो अकराचा. काका काही खलनायक नव्हते हो. पाचही जणींची तिकिटं त्यांनीच हौसेने काढून दिली. 'दहाला आपला नंबर आहे. अर्ध्या तासात मोकळी. मीच सोडतो गाडीने,' म्हणाले.

कसलं दहाला! आमचा नंबर साडेदहाला लागला. तोवर मैत्रिणींच्या मेसेजनी माझ्या फोनचा जीव चाललेला. कुठे आहेस, सुरुवात चुकेल, आम्ही आत जातोय. काकांचे आणि आईचे सही-अंगठे झाले, आणि क्लार्क माझ्याकडे न बघताच म्हणाला, 'ती पट्टी काढा. अंगठा लागेल.'

खोटं कशाला बोलू, आठवलं होतं मला. नाही म्हणायचं ते इथेच, आत्ता, हे लख्ख आठवलं होतं. पण नाही म्हटलं असतं तर काका समजूत घालत तासभर बसले असते आणि सुरुवात गेली असती. मी पट्टी सोडली, धरायला म्हणून आत्याच्याच हातात दिली आणि मशीनवर अंगठा ठेवला.

आत्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीत बसली.

तिचा अंगठा मशीन घेईना. एकदा नाही, तीनदा. आयुष्यभर माती कालवून रेषाच झिजल्या होत्या. 'मावशी, पुसा. दाबा जरा,' क्लार्क वैतागला. ती दाबत होती की नव्हती, देव जाणे. घड्याळात पावणेअकरा. मी पुढे झाले, तिचा अंगठा माझ्या हातात धरला आणि काचेवर गच्च दाबला. हिरवा दिवा लागला. 'हां, झालं,' क्लार्क म्हणाला. मला त्या क्षणी हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

सुरुवात चुकली नाही. पट्टी आत्याकडेच राहिली म्हणून मी रुमाल बांधला. शेवटी बांधाचे दरवाजे उघडतात, पाणी शहरात शिरतं, आणि सगळं थिएटर मुठी वर करून उभं. मी ढसाढसा रडले. आमच्या बावखलात महिन्याभराने भरावाचे डंपर रिकामे झाले. आता तिथे सात मजले आहेत आणि त्यांना टँकर लागतो.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आले तेव्हा आत्या पडवीत कळ्या निवडत होती. पट्टी धुऊन, घडी घालून ठेवली होती. ती माझ्या हातात देत म्हणाली, 'काय झालं गं शेवटी? दिला का तिनं?'

'नाही दिला.'

'अगदी शेवटपर्यंत?'

'अगदी शेवटपर्यंत.'

तिला मनापासून बरं वाटलं. चेहऱ्यावर दिसलं ते. जरा वेळ कळ्या निवडत राहिली. मग म्हणाली, 'आणि तिचा हात कुणी धरला नाही?'

टोमणा नव्हता तो. तिला खरंच गोष्ट पुरती कळून घ्यायची होती.

'नाही,' मी म्हटलं.

'नशीब तिचं,' आत्या म्हणाली, आणि पंप बंद करायला बावखलाकडे गेली.