मावशीनं पास केलेलं चित्र

शेवंतामावशी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नागपूरच्या ऑफिसात संगणकावर नखाएवढं घर काढत बसले होते. रडू आलं आणि मागोमाग भीती वाटली, की तिचा आवाज आपल्याजवळ नाही. इतकी वर्षं फोनवर बोललो, जपून काहीच ठेवलं नाही... होता तो फक्त तिला चाचणीसाठी दिलेल्या फोनमध्ये.

माझं काम अॅपमधली बारकी चित्रं काढायचं. धानाच्या बियाण्याची माहिती शेतकऱ्यांनी बोलून नोंदवायची, असं ते अॅप होतं आणि वाचता न येणाऱ्यालाही ते चित्रांवरून वापरता यायला हवं होतं. कोंढा गावची माझी मावशी शाळेची पायरी न चढलेली, पण धानाचा दाणा पाहून वाण सांगणारी. परीक्षक म्हणून तिला नेमलं आणि फौजदार ओढवून घेतला. शोधायचं भिंग दाखवलं तर म्हणाली, "झारा कायले काढला वं? फोनात भजे तळतं का?" सेटिंगचं दातेरी चाक पाहून तिनं हातच मागं घेतला. "चक्कीत बोट जाईन माह्यं!" त्या चाकाला ती शेवटपर्यंत शिवली नाही. कचऱ्याच्या डब्यावर मात्र लगेच म्हणाली, "हे बराबर हाय." एक तरी चित्र पास झालं, म्हणून मी साहेबांना पेढे दिले.

तेरवीनंतर तिच्या सुनेनं, वंदनावहिनीनं, तो फोन माझ्या हाती दिला. मी नोंदी लावल्या. कोंबड्या, दोनदा बकरी, कुणाचं तरी खोकणं... मावशी कुठंच नाही. मला हुंदका आवरेना.

"तिथं काय पाहून राहिल्या ताई?" वहिनी म्हणाली. "कामाचं सारं आई त्या ढोलीत टाके."

आणि तिनं कचऱ्याच्या डब्यावर बोट ठेवलं. धान साठवायची बांबूची ढोली समजून मावशीनं जपायचं ते सगळं कचऱ्यात नेऊन ठेवलं होतं! डब्यातलं तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तिचं बहुतेक सगळं गेलं होतं, माझ्याच चित्रापायी. चार नोंदी उरल्या होत्या. त्या मी बाहेर काढल्या.

तीन बियाण्याच्या आहेत. चौथी मी आता रोज सकाळी कामाला बसण्याआधी लावते. तीत मावशी म्हणते, "पोरी, तू हे आयकशीन तवा मी वावरात असन. फोन नोको करू. बांधावर येजो अन् आवाज देजो."