ओटीतलं खोबरं

विमानातून रायपूर आधी दिसतं ते धुरानं. सिलतऱ्याच्या कारखान्यांचा करडा पट्टा खिडकीतून मागे पडला आणि मग भाताच्या खाचरांमध्ये तळी चमकायला लागली. बाकीचे प्रवासी खाली बघत होते. मी सवयीनं कुणी खुर्चीचा पट्टा बांधलेला नाही ते शोधत होते. अर्धं आयुष्य मी विमानात नोकरी केली. लोक 'हवाई सुंदरी' म्हणायचे. हा शब्द मला कधीच आवडला नाही, कारण आग लागली तर ती सुंदरीलाच विझवावी लागते. आता निवृत्त होऊन नाशकात बसले आहे, तरी जित्याची खोड जात नाही.

मी निघाले होते सुनंदाकडे. नागपूरच्या कॉलेजातली माझी मैत्रीण. भोसल्यांच्या काळात तिचं घराणं इकडे आलं ते इथलंच झालं. तिची एकुलती एक लेक श्वेता माझ्याच पेशात आहे, आणि गेल्या वैशाखात लग्न झाल्यावर पहिल्यांदाच माहेरी येणार होती. तेही एका संध्याकाळपुरतं, कारण तिच्या विमानाचा मुक्काम रायपूरला होता. दुसऱ्या दिवशी त्याच विमानानं मी मुंबईला परतायचं, असं सुनंदानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

विमानतळाहून शहराकडे येणारा रस्ता रुंद आणि मोकळा आहे. नवी राजधानी वसवताना रस्ते आधी केले, माणसं मागून येतील असा हिशेब दिसतो. चौबे कॉलनीत शिरल्यावर मात्र स्कूटर, गायी, वाळत घातलेल्या वड्या, सगळं ओळखीचं. सुनंदानं फरा केला होता (तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या वळकट्या), वर तिळाची फोडणी आणि सोबत टोमॅटोची झणझणीत चटणी. मी तीनदा घेतला आणि मग पोटावर हात ठेवून बसले.

दुपारी आम्ही गोल बाजारात गेलो, श्वेताच्या आणि माझ्या ओटीचे खण घ्यायला. गर्दीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. भांड्यांच्या दुकानदारानं सुतळी दिली, ती बांधून मी फरफटत चालले. खण घेऊन झाल्यावर मी नारळाकडे वळले तर सुनंदानं हात धरला.

"नारळ नको. विमानात नेऊ देत नाही म्हणे. खोबरं घेऊ, हलकं राहते."

तिनं एक खोबऱ्याचा गोटा निवडला. दुकानदारानं तो फोडला. चीर जरा तिरपी गेली, एक वाटी मोठी, एक लहान.

"मोठी लेकीले, लहान तुले," सुनंदा म्हणाली. "रागावू नको."

मी हसले. विमानात खोबरं चालत नाही असं आमच्या वेळी कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून मीही तिला अडवलं नाही.

श्वेता आली ती गणवेशातच, काळी बॅग ओढत. जेवून लगेच तिला हॉटेलवर पोचायचं होतं. आई मराठीत बोलायची, लेक हिंदीत उत्तर द्यायची. दोघींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"किती वाळली तू. खात नाही का काही?"

"खाती हूँ ना, आई."

"हव, दिसून राहिलं मले."

मी तिला विचारलं, बॅग कुणी भरली ते विमानतळावर अजून विचारतात का. "रोज, मौसी," ती म्हणाली. "और रोज मैं बोलती हूँ, मैंने." तेवढ्यात हॉटेलच्या गाडीचा भोंगा वाजला. सुनंदानं घाईनं कुंकू लावलं, पण ओटी भरायची राहिली. श्वेता माझ्या पाया पडत होती तेव्हा सुनंदा आत पळाली आणि परत येऊन दाराजवळच्या काळ्या बॅगेशी वाकली. पाण्याची बाटली ठेवली असेल, असं मला वाटलं.

सकाळी तिनं माझी ओटी सावकाश भरली. खण, तांदूळ, हळदीकुंकवाची पुडी आणि लहान वाटी. मी ते सगळं पर्समध्ये टाकलं आणि टॅक्सीत बसले.

विमानतळावर सुरक्षेच्या माणसानं माझी पर्स बाजूला घेतली. "माताजी, सूखा नारियल नहीं जाएगा. तेल होता है, आग पकड़ता है." त्यानं वाटी उचलून बाजूच्या टबात ठेवली, नमस्कार केला, आणि मी मोकळी झाले. पर्सची चेन लावता लावता मी वर पाहिलं.

पलीकडे श्वेताच्या कंपनीची माणसं कर्मचाऱ्यांच्या बॅगा तपासत होती. तिची बॅग टेबलावर उघडी होती. एक पुरुष तिचे कपडे एकेक करून बाहेर काढत होता, आणि रांगेतले लोक टकामका बघत होते. असंच टेबल, असेच डोळे. माझ्या बॅगेतले आतले कपडे एकदा असेच चव्हाट्यावर आले होते, आणि मी जमिनीकडे बघत उभी राहिले होते. नाही म्हणता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

श्वेता जमिनीकडे बघत नव्हती.

"भैया, हाथ रोकिए," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "महिला अधिकारी को बुलाइए. अंदर कमरे में, मेरे सामने, और एक गवाह के साथ. ये मेरा हक़ है."

त्यानं हात थांबवले. एक बाई आल्या. श्वेतानं माझ्याकडे बोट दाखवलं, "ये गवाह रहेंगी," आणि आम्ही आतल्या खोलीत गेलो.

बाहेरच्या कप्प्यातून खणाची पुडी निघाली. तांदूळ, हळदीकुंकू, खोबरं. ही आईनं गुपचूप ठेवलेली ओटी, हे श्वेताला कळलं, मलाही कळलं.

कंपनीचा साहेब आला. तरुण होता, घाईत होता, आणि वाईट माणूस नव्हता. "लिख दीजिए ना मैडम, मैंने ही रखा था, भूल गई. दो मिनट की बात है. नहीं तो मतलब बैग किसी और के हाथ लगी, आपको ड्यूटी से उतारना पड़ेगा."

"जो मैंने नहीं रखा, वो मैं नहीं लिखूँगी."

"तो किसने रखा?"

विमान सुटायची वेळ होत आली होती. खोटं लिहिलं तर ती आज उडणार होती, पण तो कागद जन्मभर तिच्या मागे राहिला असता. खरं लिहायला आईचं नाव घ्यावं लागत होतं. माझ्यानं राहवलं नाही. टबातली माझी वाटी मी मागवून घेतली. बाईंनी दोन्ही वाट्या एकमेकींवर ठेवल्या. तिरपी चीर तंतोतंत जुळली, गोटा पूर्ण झाला.

"आईनं लेकीला आणि मैत्रिणीला वाटून दिलं," मी म्हटलं. "इतकंच आहे हे."

बाईंच्या गळ्यात काळे मणी होते. त्यांनी खण हळूच घडी घालून ठेवला. साहेबही नरमला, पण नियम नियमच. माझी वाटी टबात पडली की काम संपलं होतं. तिच्या वाटीपायी नोकरी पणाला लागली होती. मला त्या दुजाभावाचा फार संताप आला, आणि अजूनही येतो. श्वेतानं स्वतःच्या हातानं खरं ते लिहिलं, वाचलं आणि मगच सही केली. तिला चौकशी होईपर्यंत कामावरून उतरवलं. मीही त्या विमानात चढले नाही.

टॅक्सीत ती एकच वाक्य बोलली, तेही मराठीत. "मावशी, आईला कळू द्यायचं नाही."

दारात सुनंदा. "काहून परत आल्या?"

"फ्लाइट कैंसल हो गई, आई."

सुनंदाचा चेहरा उजळला. लेक रात्रभर राहणार होती. तिनं पुन्हा फरा केला, आणि श्वेतानं तो पोटभर खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी आगगाडीनंच निघाले. सुनंदा एकटीच स्टेशनवर आली. गाडी हलायच्या आधी तिनं माझ्या हातात नवी पुडी ठेवली.

"नीला, काल बॅग अन् पर्स मीच आत नेली, उघडून पाहिली. दोघींच्याबी ओटीत खोबरं नव्हतं. खण कोण्या परक्या हातानं घडी केला होता." तिचे डोळे भरले होते. "माह्यामुळं झालं ना?"

मी तिचा हात हातात घेतला. तिला उत्तर मिळालं.

"पोट्टीले सांगू नको, मले समजलं म्हणून. तिले वाटू दे, विमान रद्द झालं असंच मी समजते."

गाडी सुटली. दुर्गच्या पुढे गेल्यावर मी पुडी उघडली. खण होता, तांदूळ होते, आणि खोबऱ्याच्या जागी हळकुंड होतं.

चौकशी बरीच लांबली. शेवटी ताकीद देऊन श्वेताला कामावर घेतलं. बॅग आता ती कुणाच्या हाती देत नाही, पण माहेरी गेली की आईसमोर ती स्वतः उघडते आणि हळकुंड स्वतः ठेवून घेते. मला तिचा फोन येतो. "मौसी, आई को बताया तो नहीं ना?" कधी सुनंदाचाही येतो. "पोट्टीले सांगितलं नाही ना तू?" मी दोघींनाही नाही म्हणते, आणि ते खरंच आहे.