चार बोटं खाली

आमच्या विद्यापीठावर सगळ्यांत जास्त माया करणारा माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे झाकून आमच्या थोरल्या साडूंकडं बोट दाखवीन. आणि त्याच विद्यापीठाला सगळ्यांत जास्त शिव्या कोण घालतो, असं विचारलं तरी ते बोट हलवावं लागणार नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे, हे यजमान. जन्म माण तालुक्यातला, नोकरी रहिमतपुरात विज्ञानाचे मास्तर म्हणून झाली आणि निवृत्तीनंतर घरही तिथंच केलं. निवृत्त झालेली माणसं देवाधर्माला लागतात, नाहीतर रक्तदाबाच्या गोळ्यांवर चर्चा करतात. यांनी विद्यापीठ धरलं. मीही त्याच विद्यापीठाचा बी.कॉम., पण पदवी घेऊन सांगलीला आलो त्या दिवसापासून विद्यापीठानं माझी आणि मी विद्यापीठाची कधी चौकशी केलेली नाही, आणि दोघांचंही त्यावाचून काही अडलं नाही.

साडूंच्या बैठकीच्या खोलीत शिरलात की समोरच्या भिंतीवर छतापासून खाली उतरत आलेली खिळ्यांच्या भोकांची सरळ रांग दिसते. ती त्यांच्या एम.एस्सी.च्या पदवीची उतरण. सुरुवातीला ती फ्रेम देवांच्या तसबिरींच्याही वर होती. पुढं पेपरात दर वर्षी विद्यापीठांच्या क्रमवारीची यादी यायला लागली. यादीत आमचं विद्यापीठ घसरलं, की साडू त्याच दिवशी चहा टाकून स्टुलावर चढायचे, खिळा उपटायचे आणि फ्रेम घसरलेल्या दर क्रमांकामागं चार बोटं खाली ठोकायचे. "जेवढी किंमत, तेवढी उंची," एवढंच म्हणायचे. क्रम वर गेला तर फ्रेमही चार बोटं वर जाईल, असा नियम त्यांनी सुरुवातीलाच केला होता. तो अजून वापरात आलेला नाही. काही वर्षांत स्टुलाची गरज संपली. फ्रेम घड्याळाच्या शेजारून उतरली, सोफ्याच्या मागं गेली, तेव्हा ती दिसावी म्हणून साडूंनी सोफाच भिंतीपासून पुढं ओढला. आक्का वैतागून म्हणते, "भित्तीची पार चाळण केलीया ह्यांनी. रंगारी आला तर म्हणतोय, बाई, आधी गवंडी बोलवा." ही तक्रार ती प्रत्येक पाहुण्याकडं करते आणि फ्रेमवरची धूळही रोज न चुकता तीच पुसते.

परीक्षांचा हंगाम आला की साडूंच्या अंगात वेगळंच वारं येतं. गावातल्या पोरांकडून ते रसायनशास्त्राची प्रश्नपत्रिका मागून आणतात आणि लाल पेन घेऊन ती तपासायला बसतात. उत्तरपत्रिका नव्हे, प्रश्नपत्रिकाच. चुकीच्या समीकरणाला गोल, मागच्या वर्षीचाच प्रश्न पुन्हा आला असला तर समासात "नक्कल केली आहे", भाषांतर धड नसेल तर "मराठीचा तास बुडवला काय?" असे शेरे मारत शेवटी गुणांची बेरीज करतात. एका वर्षी त्यांनी सबंध प्रश्नपत्रिका नापास केली आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं, "पुढील सत्रात पुन्हा बसावे." ही तपासलेली प्रश्नपत्रिका रजिस्टर पोस्टानं परीक्षा विभागाला जाते. पोचपावत्या ते फायलीला लावून ठेवतात. उत्तर आजपर्यंत एकदाही आलेलं नाही, पण पोचपावती आली की साडू आक्काला हाक मारून दाखवतात.

निकाल लांबले तर मग बोलायलाच नको. रोज सकाळी अकराला ते विद्यापीठाला फोन लावतात. तिथली बाई आता त्यांचा आवाजसुद्धा ऐकत नाही, फोन उचलूनच सांगते, "नाही लागला हो, सर. जेवला का?" साडू त्या बाईशी कधीही वाकडं बोलत नाहीत. "तिचा काय दोष हाय? ती बिचारी फोनच उचलत्या. बाकी तर कोणच कायबी उचलत न्हाई," असं म्हणतात. आणि गंमत अशी, की एवढा सगळा शिव्यांचा मक्ता त्यांनी स्वतःकडंच ठेवलेला आहे. कोरेगावला एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेले कुणी गृहस्थ हसत म्हणाले, "तुमच्या त्या विद्यापीठाची डिगरी आता कोण विचारतंय?" साडूंच्या हातात जिलेबी होती. ती त्यांनी पानात परत ठेवली, पान उचललं आणि समोरच्या पंगतीत जाऊन बसले. जाताना एवढंच म्हणाले, "तुमी कुठं शिकलाय ते इचारत न्हाई, कारन ते दिसतंयच."

त्यांचा राग कुठून येतो हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. माण तालुक्यासारख्या दुष्काळी मुलखातून आलेलं पोर, कमवा आणि शिका योजनेत सकाळी विद्यापीठाच्या बागेला पाणी घालून मग तासाला बसायचं. एके दिवशी प्रयोगशाळेत ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या काचेच्या नळीतून, थेंब थेंब द्रव सोडायचा आणि रंग पालटला की थांबायचं, असा प्रयोग होता. साडूंचं उत्तर पहिल्याच खेपेला बरोबर आलं. त्यांच्या सरांनी वही बाजूला टाकली. म्हणाले, "पहिल्या झटक्यात बरोबर आलं म्हणजे तू रंग बघितला नाहीस, पुस्तक बघितलंस. पुन्हा कर." संध्याकाळपर्यंत अकरा वेळा करायला लावला. ही हकिगत मी त्यांच्या तोंडून निदान तीस वेळा ऐकली असेल, आणि तिसाव्या वेळीही शेवटच्या वाक्याला ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते. "अकरा येळा, साडू! आन् मास्तर एकदाबी खाली बसला न्हाई. माझ्या शेजारी हुबा हुता."

त्यांची एकुलती एक लेक ऋतुजा बी.एस्सी.ला पहिली आली, तेव्हा आम्ही सगळ्या नातेवाइकांनी सांगितलं, पोरीला पुण्याला घाला. माझा मुलगा पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात होता. तिथली काचेची इमारत, वातानुकूलित वर्ग, सगळं मी रंगवून सांगितलं. पण ऋतुजा बापाची लेक. तिनं आमच्याच विद्यापीठात, बापाच्याच विभागात, एम.एस्सी.ला नाव घातलं. साडू हरखले, आणि मग तिच्याकडून एकेक कळायला लागलं तसे पेटत गेले. जुने प्राध्यापक निवृत्त होत गेले, त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. शिकवायला तासिकेवरची, म्हणजे तासामागं पैसे मिळणारी पोरं. साडू घरात येरझाऱ्या घालत बोलायचे, "तासाला येतोय, तासाला जातोय! त्या पोराचा काय दोष न्हाई, त्याला दुपारी दुसरं कॉलेज गाठायचं असतंय. पन माझ्या पोरीच्या शेजारी अकरा येळा कोन हुबा ऱ्हानार? सांगा की!" मी काय सांगणार? माझा मुलगा पुण्याला होता.

अशात विद्यापीठाचं मूल्यांकन करून श्रेणी द्यायला बाहेरून समिती येणार असल्याचं जाहीर झालं, आणि साडूंना चक्क विद्यापीठाचं निमंत्रण आलं. माजी विद्यार्थ्यांनी समितीशी संवाद साधायचा होता. झालं होतं असं, की विद्यापीठाशी सतत संपर्क ठेवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची यादी वरून मागितली गेली, आणि कुणा कारकुनानं पत्रव्यवहाराच्या फायलींतली सगळ्यांत जाड फाइल कुणाची, एवढंच पाहिलं. आत काय लिहिलंय हे वाचायची चाल त्या कार्यालयात नव्हतीच. साडूंनी निमंत्रण दोनदा वाचलं आणि कपाटातून दोनशे पानी वही काढली. तीत त्यांच्या सगळ्या तक्रारी क्रमवार लिहिलेल्या होत्या. मलाही त्यांनी ओढून नेलं. तिथं खुर्च्या भरायच्याच होत्या, त्यामुळं माझ्याही छातीवर बिल्ला लागला.

निघायच्या आदल्या दिवशी ऋतुजाचा वसतिगृहातून फोन आला. मी मुक्कामाला रहिमतपुरातच होतो. बापाशी बोलून झाल्यावर तिनं मला फोनवर बोलावलं. "काका, आप्पांना तेवढं आवरा. श्रेणी खाली आली तर आमच्या डिगरीवर तेच येणार. आम्ही चाळीस जण आहोत. नोकरीला गेल्यावर आम्हाला कोण विचारणार?" तिचं खोटं नव्हतं. साडूंनी शेजारी उभं राहून हे सगळं ऐकलं होतं. एस.टी.त ते वही मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसले, आणि सबंध वाटेत त्यांनी एकालाही शिवी दिली नाही. मला त्यांची काळजी वाटायला लागली.

विद्यापीठ लग्नघरासारखं सजवलं होतं. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना, फाटकापासून रांगोळ्या, त्या काढायला आठवडाभर प्रयोग बंद ठेवून बसवलेल्या पोरी. आमच्या डोक्यांवर फेटे बांधले. एक समन्वयक प्राध्यापक प्रत्येकाच्या कानाशी येऊन सांगून गेले, "फक्त सकारात्मक बोला हं." साडूंनी मान हलवली. समितीच्या अध्यक्ष म्हणजे परप्रांतातल्या एक वयस्क प्राध्यापक बाई. त्यांनी चष्म्यातून आमच्याकडं पाहिलं आणि हिंदीत एकच प्रश्न विचारला: आपण आपल्या मुलांना शिकायला इथं पाठवाल का?

सांगलीचे एक बिल्डर म्हणाले, "गर्वाने." त्यांची मुलगी परदेशात आहे. साताऱ्याचे एक कारखानदार म्हणाले, "जरूर." त्यांचा मुलगा कुठं आहे ते मला ठाऊक होतं, कारण तो माझ्या मुलाच्याच वर्गात होता. मग माझी पाळी आली. मीही "जरूर" म्हणालो. इतक्या सहज म्हणालो, की आजही तो शब्द आठवला की मला माझी लाज वाटते.

साडू उठले. फेटा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. वही उघडलीच नाही. त्यांचं हिंदी माण तालुक्यातलंच, पण त्यातला शब्दन्‌शब्द त्या बाईंना कळला. "भेजी है, मॅडम. मेरी लडकी यहींच है. दूसरे साल में. इसीलिए तो इतने साल चिल्ला रहा हूँ."

समन्वयकांनी चहाची घाई केली. बाई मात्र उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मुलगी कुठं आहे, दाखवा.

प्रयोगशाळेत टेबलं पुसून लखलखीत केली होती. एका कोपऱ्यात नव्या ब्युरेटांचे खोके रचलेले, चिकटपट्टीसुद्धा न काढलेले. ऋतुजा साडी नेसून मैत्रिणींबरोबर उभी होती. बाईंनी टेबलावरच्या ब्युरेटकडं बोट दाखवून तिला विचारलं, हा प्रयोग किती वेळा केलास? तिनं बापाकडं पाहिलं. साडू छताकडं बघत होते. त्यांनी तिला काहीही सुचवलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. मग ती हळू आवाजात इंग्रजीत म्हणाली, "एकदा, मॅडम. सहा जणांत एक ब्युरेट होती. हे खोके परवा आले." तिच्या शेजारच्या मुलीनं मान खाली घातली आणि तिचा हात धरला.

श्रेणी एक पायरी उतरली. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर साडूंना घरभेदी म्हणून झालं, मग गटातून काढून टाकलं. ज्यांच्या पोरांनी त्या विद्यापीठाचं फाटकही पाहिलेलं नव्हतं, तेच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. मी मात्र त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा विद्यापीठासाठी कुणाशी तरी भांडलो आणि गटातून बाहेर पडलो. प्राध्यापकांच्या जागा भरल्या का म्हणाल, तर नाही भरल्या. खोके तेवढे उघडले, असं ऋतुजा सांगते. ती एम.एस्सी. झाली, तिच्या पदवीमागं ती उतरलेली श्रेणी लागली, आणि तीन ठिकाणी मुलाखतीत तिला त्यावरून विचारलं. चौथ्या ठिकाणी मात्र तिला हातानं प्रयोग करून दाखवायला सांगितला, आणि तिथं तिला घेतली. नवे खोके उघडल्यावर तिनं रोज संध्याकाळी प्रयोगशाळेत थांबून हात बसवला होता, हे मला आक्काकडून कळलं. सुट्टीच्या दिवशी साडू रहिमतपूरहून एस.टी.नं तिथवर जायचे आणि तिच्या शेजारी उभे राहायचे.

परवा यंदाची यादी पेपरात आली. आमचं विद्यापीठ पुन्हा घसरलं होतं. मी मुद्दाम रहिमतपूरला गेलो. साडू फरशीवर मांडी घालून बसले होते, हातात हातोडी. त्यांची फ्रेम आता आणखी खाली जाण्याजोगी राहिली नव्हती. खिळा काढून त्यांनी ती नुसतीच भिंतीला टेकवून फरशीवर ठेवली. आक्का तिच्यावरची धूळ पदरानं पुसत होती. मी वर पाहिलं. छताजवळच्या अगदी पहिल्या भोकात, देवांच्या वर, ऋतुजाची पदवी लटकत होती.

"साडूभाऊ, आणि ती?" मी विचारलं. "तीही त्याच विद्यापीठाची. नियमानं चार बोटं खाली यायला हवी."

त्यांनी हातोडी माझ्यापासून लांब सरकवली, मी जणू आत्ताच उठून ती फ्रेम उतरवणार होतो.

"तिला हात लावायचा न्हाई," साडू म्हणाले. "तिनं काय केलंय?"