सासऱ्यांचा फिरस्ता तारा

सूर्यमालेची काळजी वाहणारा उभ्या मुरबाड तालुक्यात एकच माणूस होता, आणि माझं नशीब बघा, नेमकी त्याचीच मुलगी माझ्या मनात भरली. वैशाखरे गावचे माझे सासरे! बायको लवकर गेलेली. घरात एकुलती एक लेक, दोन बैल आणि एक रेडिओ. नव्वदच्या सुमारास त्या रेडिओवर कुणा शास्त्रज्ञानं सांगितलं, की एखादा फिरस्ता तारा सूर्याजवळून गेला तर ग्रहांच्या वाटा बदलतील, पृथ्वी गारठेल नाहीतर भाजून निघेल. झालं! शास्त्रज्ञ भाषण संपवून घरी गेला, सासरे मात्र कामाला लागले. कुणाच्या दहाव्याला गेले तरी, "गेला तो सुटला, आपल्याला तो तारा बघायचाय," असं घरच्यांचं सांत्वन करत. लेकीला स्थळ आलं की पोह्यांच्या आधी तारा यायचा. सापगावच्या एका मुलानं ग्रहशांती सुचवली. बिचाऱ्याला चहासुद्धा मिळाला नाही.

मी शहापूरहून मुलगी बघायला गेलो तेव्हा खळ्यावर मळणी चालली होती. मधल्या खुंटाला बांधलेले बैल भात तुडवत गोल फिरत होते. मी सहज विचारलं, "इतक्या लांबून तारा ओढेल कसा?" सासरे खूश. "पावणे, तुमी तारा व्हा," म्हणाले, आणि हिरव्या गवताचा भारा देऊन मला खळ्याच्या कडेनं चालायला लावलं. इस्त्रीच्या पँटीत मी तारा झालो. बैलांनी गवत पाहिलं मात्र, खुंट उपटून माझ्यामागे! भात चौफेर उधळलं, मी ओरडत कुंपणापलीकडे. लेक धावत आली, बैल धरले आणि माझ्याकडे बघून पोट धरून हसत राहिली. सासऱ्यांनी आधी खुंटाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

लग्न ठरलं, पण तारीख काही निघेना. कधी बैल आजारी, कधी आभाळ बरोबर नाही. शेवटी लेकीनंच सुनावलं, "बाबा, तारा येल तवा येल. मी काय तवर थांबू?"

बोळवणीला जीप सुरू झाली तरी ते दार धरून उभे. "जावय, ताऱ्यानं ओढलेला ग्रह परत जुन्या वाटंवर येतो का?"

मला खोटं बोलवेना. "नाही येत."

"पन जगायजोगा रहातो ना? गारठत नाय ना?"

वऱ्हाडी हसले. मी दारावरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला. "नाही गारठत," म्हटलं.

पुढं ताऱ्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही. गावात फोनची सोय झाल्यावर फोन करून एवढंच विचारत, "थंडी हाय का तिकडं?" शहापुरात अशी काय वेगळी थंडी असणार! पण उत्तर द्यायला मी दरवेळी त्यांच्या लेकीच्याच हातात फोन देत असे.