साडूचे डबे आणि बाईंचा आवाज

माझ्या साडूइतका आवाजाच्या नादी लागलेला माणूस मिरारोडपासून उत्तनच्या किनाऱ्यापर्यंत दुसरा झाला नसावा, आणि झालाच असेल तर त्याच्या बायकोने त्याला वेळीच आवरलं असणार. माझ्या मेव्हणीने काही याला आवरलं नाही. दिवसभर हा गृहस्थ विम्याच्या ऑफिसात नोकरी करायचा आणि नवघरच्या घरी आला की शर्टही न बदलता कॉम्प्युटरपुढे बसायचा. कुणाकडेही गेला तरी बेल वाजवण्याआधी जिन्यात टाळी वाजवून आवाज कसा घुमतो ते बघायचा. दार उघडायला सगळा मजला यायचा. आमचा फ्रिज पेटीच्या काळी चारच्या सुरात गुणगुणतो हे त्यानेच शोधून काढलं, आणि तेव्हापासून त्या फ्रिजशेजारी बसून मला धड पेपर वाचता येईना. एकदा उत्तनला, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंखाली माइक धरून तो वारा रेकॉर्ड करत होता. एक कोळीण बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुला मासली पायजे हाय का न्हाय?" हा म्हणाला, "मावशी, मला फक्त आवाज पाहिजे." त्यावर तिने जो आवाज दिला, तो त्याने बरीच वर्षं जपून ठेवला होता.

या सगळ्याचं तो करायचा काय? स्क्रीनवर छोटे छोटे डबे काढायचा आणि ते वायरींनी जोडायचा. एक डबा आवाजातली खरखर काढणार, दुसरा आवाज भरीव करणार, तिसरा त्याला घुमवणार. सगळे डबे मिळून एक प्लगइन, म्हणजे गाण्याच्या सॉफ्टवेअरला जोडायचा तुकडा. डबे वाढले की त्याचा कॉम्प्युटर धापा टाकायचा आणि स्पीकरमधून मोहरी तडतडल्यासारखा आवाज यायचा. मेव्हणी स्वयंपाकघरातून विचारायची, "फोडणी झाली असेल तर जेवायला या."

त्याच्या शेजारी एक बाई राहायच्या. मूळच्या परभणीकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. जयंतीच्या कार्यक्रमात त्यांचं गाणं असलं की नवघरचं मैदान गप्प बसायचं. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजाचा नुसता धागा उरला. "हळू गा, ताण देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "हळू गायलेलं मैदानात कुणाला ऐकू जाणार?" म्हणत बाईंनी पेटीवर चादर टाकली. साडूने ती चादर बघितली आणि कुणालाही न विचारता सांगून टाकलं, "बाई, तुम्ही हळूच गा. बाकीचं माझ्यावर सोडा."

त्याने डबे जोडले. बाईंचा आवाज खरंच भरीव झाला, पण स्पीकरमधून उशिरा यायला लागला. बाई दोन ओळी गायल्या आणि थांबल्या. "लेकरा, माझा आवाज माझ्या मागून येतोय. मी त्याच्यासाठी थांबू का?"

साडूचा चेहरा पडला. मला म्हणाला, "साडूभाऊ, प्रत्येक डबा पुढच्याला विचारत बसतोय, झालं का, देऊ का. यातच वेळ जातोय. सगळ्या डब्यांचा एकच सलग प्रोग्रॅम कंपाइल करायला हवा."

"म्हणजे भाजीला दरवेळी वेगवेगळे डबे उघडण्यापेक्षा मसाला एकदाच वाटून ठेवायचा," मेव्हणी म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने बायकोकडे त्या दिवशी बघितलं तसं कधी बघितलं नसेल.

त्याने रजा टाकली. वाटलेला मसाला पहिल्यांदा लावला तर स्पीकर मुकाच. घुमवणाऱ्या डब्याची वायर फिरून पुन्हा त्याच्याच तोंडात जात होती. आधी कुणी काम करायचं, हे प्रोग्रॅमला ठरवता येईना. त्यात लोडशेडिंग. कार्यक्रम दुसऱ्या दिवसावर आला, तेव्हा मीच मेव्हणीला म्हटलं, "जमत नाही असं बाईंना सांगून टाकूया." तेवढ्यात आतून साडू ओरडला, "घुमवणाऱ्या डब्याने आधीच्या खेपेचा आवाज घ्यायचा आणि पुढे चालायचं! थांबायचंच नाही!"

मैदानात बाई खुर्चीवर बसून, अंगाईच्या आवाजात गायल्या. पहिला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला, अगदी वेळेवर. साडू तापलेल्या कॉम्प्युटरवर टेबलफॅन धरून उभा होता. गाणं संपलं तेव्हा तो स्टेजच्या पायरीवर मटकन बसला, आणि मलाही माझे हात दुखतायत हे कळलं. मघापासून मी मुठी आवळून बसलो होतो.

लोकांनी विचारलं, केलंत काय? त्याने डब्यांपासून सुरुवात केली. वायरींपर्यंत येईतो सगळे जेवणाच्या रांगेत पोचले होते. बाई तेवढ्या बसून राहिल्या. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या आवाजाला आता कुठे अडायला लागत नाही. असंच ना?"

"असंच, बाई."

आणखी काही जयंत्या त्या गायल्या, मग मुलाकडे परभणीला गेल्या. तो प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही, म्हणून साडूने जुनं धूड अजून ठेवलंय. मेव्हणी अधूनमधून विचारते, "हे भंगारात कधी द्यायचं?" तो फडक्याने त्याच्यावरची धूळ पुसतो आणि म्हणतो, "बघू. बाई दिवाळीला येते म्हणाल्यात."