भाऊजींची कात्री आणि तळ्याकाठचं कॉटेज

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, शिंपी आहेत. पुढे दुकान, मागे घर आणि मधे एक पडदा. कोट, पँट आणि लग्नाचे सूट ही त्यांची खासियत. हात सोन्याचा आहे, पण स्वभाव असा की चांगल्या माणसाचंही डोकं फिरावं. माझं तर जन्मतःच फिरलेलं आहे, असं ताई म्हणते.

त्यांच्या दुकानाची एक रीत आहे. कापड टेबलावर पसरायचं, खडूने रेघा मारायच्या, कात्री कापडाच्या कडेला लावायची आणि थांबायचं. मग गिऱ्हाइकाकडे बघून विचारायचं, "कापू?" गिऱ्हाइकाने स्वतःच्या तोंडाने "कापा" म्हणायला हवं. नुसती मान हलवलेली चालत नाही. "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं," असं कुणी म्हटलंच तर भाऊजी कात्री खाली ठेवतात. "योग्य काय ते मला कळतं हो, पण कोट तुम्ही घालणार."

एकदा "कापा" म्हटलं की विषय संपला. ऑर्डर रद्द नाही, आगाऊ दिलेले पैसे परत नाहीत. कोट मात्र ठरल्या दिवशी मिळणार म्हणजे मिळणार. एका मुलाचं लग्न ऐनवेळी मोडलं तेव्हा त्याचे वडील दुकानात येऊन वाट्टेल ते बोलून गेले. भाऊजींनी ऐकून घेतलं आणि कोट शिवून, इस्त्री करून, स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिला. पुढे त्या मुलाने दुसरीशी लग्न केलं ते तोच कोट घालून. भाऊजींनी फक्त पोटाशी थोडा सैल करून दिला.

ताई पडद्यामागे बसून काज-बटणं आणि तुरपाई करते. माझ्यात आणि तिच्यात एका आईची लेकरं म्हणून ओळख पटावी असं काहीच नाही. मी एक ऐकून घेत नाही आणि ती एक बोलत नाही. भाजी काय करायची, पाहुण्यांना कधी बोलवायचं, पडदा कुठल्या रंगाचा लावायचा, सगळ्याला तिचं एकच उत्तर, "तुम्ही म्हणाल तसं." दुकानात जे उत्तर भाऊजी चालवून घेत नसत, ते त्यांनी घरात तीस वर्षं चालवून घेतलं. याचा मला राग होता आणि तो मी लपवलाही नाही.

एके दिवशी भाऊजी भर दुपारी दुकान उघडं टाकून माझ्याकडे आले. मला वाटलं, कुणी गेलं की काय. तर खिशातून त्यांनी घडी घातलेलं एक पत्रक काढलं. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या कोटात सापडलेलं. तळ्याकाठचं एक लहानसं कॉटेज, मोठी खिडकी, खिडकीतून पाणी.

"तुझ्या फोनवर होतं ना हे बुकिंग?" ते म्हणाले. "दोघांचं कर. तीन दिवस."

"ताईला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? खूश होईल."

मीही खुळी. दोघं कधी गावाबाहेर पडली नाहीत, आता पडतायत, याच आनंदात मी पैसे भरून टाकले. खाली बारीक अक्षरात अटी होत्या. त्या वाचल्या, अशी खूण केल्याशिवाय बुकिंग पुढे सरकत नव्हतं, म्हणून खूण केली. अटी कोण वाचतं?

ताईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं." पण दोन दिवसांनी मी गेले तर तिने मला हळूच पडद्याआड नेलं आणि एक टोपी दाखवली. सुटाच्या करड्या कापडाच्या तुकड्यांची, रुंद काठाची, आतून लाल अस्तर. "तळ्यावर ऊन असेल ना," ती म्हणाली आणि टोपी पटकन पिशवीत कोंबली. आयुष्यभर लोकांची बटणं लावलेल्या माझ्या बहिणीने पहिल्यांदा हौसेने स्वतःसाठी काहीतरी शिवलं होतं. मला रडू आलं, म्हणून मी तिच्यावर ओरडले की टोपीला इस्त्री तरी कर.

निघायला चार दिवस उरले होते आणि ताई न्हाणीघरात घसरली. घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, पाय जमिनीला टेकवायचा नाही. डॉक्टर म्हणाले, गाडीतून न्या कुठे न्यायचं तर, पण चालणं बंद.

"रद्द करून टाका," ताई म्हणाली.

मी कॉटेजच्या मालकांना फोन लावला. आवाजावरून म्हातारे आणि खडूस.

"आठवड्याच्या आत रद्द केलं तर सगळी रक्कम जाते, मॅडम."

"अहो, माणसाचा पाय मोडलाय!"

"मोडतो, मॅडम. माझ्याकडे रद्द करणाऱ्या सगळ्यांचं काही ना काही मोडलेलंच असतं."

"मग तारीख तरी बदलून द्या."

"तेही नाही. अटी वाचल्या होत्या ना?"

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मालकांनी फोन ठेवला. तशीच मी दुकानात गेले आणि भाऊजींवर तोफ डागली. "तुम्ही बोला त्या माणसाशी! एवढे पैसे घशात घालतोय!"

भाऊजी कापडावर रेघा मारत होते. "तो बरोबर बोलतोय," ते म्हणाले. "मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं."

"मग बसा तुमचे नियम कुरवाळत. तिकडे माझी बहीण टोपी उशाखाली घेऊन झोपलीय!"

त्यांचा खडू थांबला. टोपीचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"चूक त्याची नाही," ते म्हणाले. "माझी आहे. मी न विचारता कापलं."

कात्री टेबलावर ठेवून ते पडद्याआड गेले. मीही मागोमाग गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी थांबणार थोडीच.

ताई पाय उशीवर ठेवून पडली होती. भाऊजी पलंगाशी उभे राहिले, गिऱ्हाइकापुढे राहतात तसेच. "अगं, जायचं का?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"ते नको. तुला जायचं का, ते सांग."

"पैसे गेलेच आहेत ना? मग राहू दे. एवढ्याशा गोष्टीसाठी सगळ्यांना कशाला त्रास?"

"पैशांचं विचारलं नाही. त्रासाचंही नाही."

ताईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, पण तोंड मिटून गप्प राहिले. आयुष्यात असं फार वेळा घडलेलं नाही. भाऊजी हलले नाहीत. बाहेर कुणी गिऱ्हाईक हाका मारून मारून कंटाळून निघून गेलं, तरी हलले नाहीत.

"जायचंय," ताई एवढं हळू म्हणाली की नीट ऐकूही आलं नाही. आणि मग एकदम तिचा बांध फुटला. "जायचंय मला! तीस वर्षं हीच भिंत बघतेय मी. लोक जाऊन आले की त्यांच्या पँटींच्या घडीतून वाळू निघते, ती मी झटकते. मला जायचंय!"

"बरं," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी माझा फोन मागितला. मी मालकांचा नंबर लावून फोन स्पीकरवर टाकून दिला.

मालकांना वाटलं, आता नवरा भांडणार. भाऊजींनी विचारलं, "दाराची रुंदी किती?"

"काय?"

"दार. आणि गाडी थांबते तिथून पायऱ्या किती, किती उंचीच्या? पलंग जमिनीपासून किती वर? न्हाणीघराला उंबरा आहे?"

"अहो, तुम्ही रद्द करणार होतात ना?"

"रद्द करत नाही. येतोय. टेप आहे ना घरात? घेऊन या, मी थांबतो."

पलीकडून कुरकुर ऐकू आली, मग खोके सरकवल्याचा आवाज. मालकांनी दाराची रुंदी सांगितली तर भाऊजी म्हणाले, "चौकटीच्या आतून मोजा." मालकांनी पुन्हा मोजली. पायऱ्यांपर्यंत येता येता त्यांचा आवाज निवळला होता. "डावीकडची पायरी जरा खचलीय," ते आपणहून म्हणाले. "उजवीकडून आणा त्यांना." मग आठवण झाली म्हणून त्यांनी ठणकावलं, "पण तिसरं माणूस आणलंत तर जादा आकार पडेल."

"पडू दे," भाऊजी म्हणाले. "हिची बहीण लागेल उचलायला."

मग भाऊजींनी टेप घेऊन ताईचं माप घेतलं. खांद्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून गुडघ्यापर्यंत. मी पाहत होते. जगाची मापं घेणाऱ्या या माणसाने बायकोचं माप कधी घेतलं नव्हतं. तिचे कपडे तीच शिवायची. ताई लाजून लाल झाली होती आणि भाऊजींचा टेप दोनदा हातातून सुटला.

जाड कॅनव्हास दुहेरी करून त्यांनी एक बैठक शिवली. पाठीला टेकू, दुखऱ्या पायाखाली लांब पट्टी आणि चार कोपऱ्यांना चार मुठी. मशीनची सुई दोनदा मोडली. शिवून झाल्यावर त्यांनी आधी मला त्यात बसवलं आणि शेजारच्या दुकानदाराला हाताशी घेऊन उचलून पाहिलं. "हिचं वजन पेललं म्हणजे तिचंही पेलेल," असं म्हणाले. त्या शब्दांचा हिशेब अजून चुकता व्हायचाय.

आम्ही पोचलो तेव्हा मालक पायऱ्यांशी उभे होते. खचलेल्या पायरीखाली त्यांनी विटा सारल्या होत्या. मी मागच्या मुठी धरल्या, भाऊजींनी पुढच्या, आणि दोन पायऱ्यांतच माझी कंबर बोलायला लागली. मालक काही न बोलता पुढे आले आणि माझ्या हातातली एक मूठ त्यांनी घेतली. जादा आकाराचं नाव पुन्हा निघालं नाही. रद्द केल्याचे पैसे मात्र त्यांनी पुढेही कुणाला परत दिले नसणार. तसा माणूस नव्हताच तो.

खिडकीतून पाणी दिसत होतं, पत्रकात होतं तसंच. ताईला आम्ही खिडकीशी ठेवलं. ती टोपी घालून बसली. भाऊजी घाम पुसत होते. त्यांच्या हातांना वळ उठले होते.

"इथे बरं आहे ना?" मी विचारलं.

ताईने पाण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या हातांकडे. मला वाटलं, आता म्हणेल, हो, पुरे, कशाला त्रास.

"इथून नाही," ती म्हणाली. "मला पाण्यापाशी जायचंय. अगदी काठाला."

भाऊजींनी रुमाल खिशात घातला आणि वाकून मुठी धरल्या.

"तू म्हणशील तसं," ते म्हणाले.